डॅशबोर्डची वास्तुशांत

कॉम्प्युटरला घाबरलं की तो डोक्यावर बसतो, असं श्यामसुंदर बल्लाळचं ठाम मत होतं. हे मत त्याने बनवलं सोमवारी, आणि बुधवारी त्याची पार वाट लागली!

डासांच्या जाळ्या बनवणाऱ्या अंधेरीच्या एका कंपनीत श्यामसुंदरची चोवीस वर्षं गेली होती. आता जाळ्या वेबसाइटवरून विकल्या जात, आणि शुक्रवारी मालक यज्ञेश सर नवा ‘डिजिटल प्रमुख’ जाहीर करणार होते. ती खुर्ची श्यामसुंदरला हवी होती. नुसती हवी नव्हती. मुलुंडच्या समस्त नातेवाइकांना त्याने ती मिळाल्याचं सांगूनही टाकलं होतं! म्हणून मग ऑफिसच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर वेबसाइटचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड नव्याने मांडायचं काम त्याने अंगावर ओढून घेतलं.

मांडला म्हणजे काय, सजवलाच! मथळे गुलाबी. दिवसभरात वेबसाइटवर किती व्हिजिटर आले, तो आकडा जेवणाच्या ताटाएवढा. साइट उघडून लगेच पळणाऱ्यांचा आकडा मात्र त्याने काढूनच टाकला. भिंतीवर असलं काही लावतात का?

“काका, तुमची वेगळी कॉपी काढा ना,” शेजारच्या टेबलावरची किम्बर्ली म्हणाली. मरोळ गावठाणातली ही पोरगी ते सॉफ्टवेअर कोळून प्यायली होती. “हा बोर्ड सगळ्यांचा आहे. तुम्ही इथे काहीपण सेव्ह केलं की तिकडे टीव्हीवर तेच दिसणार.”

“अगं, तू तिसरीत होतीस ना, तेव्हापासून मी एक्सेल करतोय!”

किम्बर्लीने हेडफोन लावले.

आता, वेबसाइटवर श्यामसुंदरने ‘डास: आपला जवळचा शत्रू’ असा एक लेखही लिहिला होता. बुधवारी सकाळी त्याची लिंक फॅमिली ग्रुपवर टाकल्या टाकल्या एकेचाळीस अंगठे आले. मावससासू वनमालामावशींनी तर ‘वाचताना डोळे भरून आले’ असं कळवलं. जेवायच्या सुट्टीत त्याला हुक्की आली. बघू तरी, किती जणांनी वाचलाय! त्याने बोर्डावर फिल्टर लावला: फक्त हा लेख उघडणारी माणसं दाखव, बाकीची गाळ.

बोर्डाने गाळली. उरली चार! आणि सरासरी वाचनाचा वेळ, तीन सेकंद.

तीन सेकंदांत मावशींचे डोळे भरले कसे? श्यामसुंदरचं डोकंच फिरलं. संतापाच्या भरात त्याने सेव्ह दाबलं आणि जिन्यात जाऊन बायकोला फोन लावला.

“नीला, तुझ्या माहेरची माणसं एक नंबरची खोटारडी आहेत!”

“आणि तुमचे भाऊ काय हरिश्चंद्र? काय झालं ते सांगाल का आधी?”

त्याने सांगितलं. नीलाचा आवाज एकदम चढला. “अस्सं? थांबा, बघतेच एकेकाला!”

तो हॉलमध्ये परतला, तर सगळे माना वर करून उभे. टीव्हीवर ताटाएवढा चारचा आकडा झळकत होता. आजचे व्हिजिटर: ४. काल याच वेळेला सहा हजार होते!

“चार?” यज्ञेश सर पांढरेफटक पडले होते. “मुंबईतले डास संपले काय?”

वेबसाइटवाले फोनवर शपथा घेत होते की साइट झकास चालू आहे. सरांनी त्यांना झापलं, जाहिरातींच्या एजन्सीला उभ्या उभ्या काढून टाकलं आणि सांताक्रूझहून वास्तुतज्ज्ञ शरच्चंद्रजींना बोलावून घेतलं. ते होकायंत्र घेऊनच आले.

“पाण्याची जागा चुकली आहे,” ते म्हणाले. कूलर हलवला. आकडा झाला नऊ! टाळ्या पडल्या. चपलांचं कपाट बाहेर काढलं. सतरा! सरांनी वाकून नमस्कारच केला. श्यामसुंदरही टाळ्या वाजवत होता, तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. ग्रुपवर नीलाचा हुकूम होता: ‘ज्यांनी लेख वाचला नाही, त्यांनी रविवारी जेवायला येऊ नये!’ त्याखाली उत्तरांची रांग. ‘वाचला.’ ‘वाचला हो वहिनी.’ ‘आत्ताच वाचला, सुंदर.’

एकेक ‘वाचला’ येत होता आणि टीव्हीवरचा आकडा एकेकाने चढत होता. श्यामसुंदरच्या तोंडचं पाणी पळालं.

“काका,” किम्बर्ली कानाशी पुटपुटली, “फिल्टर.”

“कळलं गं!”

“मग सांगून टाका ना.”

“वेडी आहेस? एजन्सी गेली माझ्यापायी! आता मीपण जाऊ?”

“निदान काढा तरी तो!”

श्यामसुंदर स्वतःच्या टेबलाकडे धावला, तर तिथे शरच्चंद्रजी होकायंत्र धरून उभे. “हे कोणाचं?”

“माझं.”

“दोष इथेच आहे. उचला!”

दोन शिपायांनी टेबल उचललं. वर लॅपटॉप उघडाच होता. श्यामसुंदर टेबलाबरोबर तिरका तिरका चालू लागला, एक हात की-बोर्डवर, तोंडाने “जपून, जपून!” पॅन्ट्रीच्या वळणावर त्याने फिल्टर काढला, आणि टेबल खाली टेकता टेकता सेव्ह दाबलं.

टीव्हीवर आकडा आला ६,२१४!

हॉलमध्ये नुसता जल्लोष! सरांनी शरच्चंद्रजींना कडकडून मिठी मारली. एजन्सीला फोन गेला, ‘चूक तुमची नव्हती, टेबलाची होती, या परत.’ मग सर श्यामसुंदरकडे वळले.

“श्यामकाका, तुम्ही इथले जुने. खरं सांगा, कशाने झालं हे?”

खरं अगदी ओठांवर आलं होतं. किम्बर्ली भुवया उंचावून बघत होती. पण खरं बोललं की खुर्ची गेली, नोकरीही जाईल, आणि मुलुंडला तोंड दाखवायला जागा उरणार नाही!

“टेबल हलल्यामुळेच, सर. माझ्या डोळ्यांदेखत झालं.”

“बस्स! मग शुक्रवारपर्यंत थांबायचं कशाला?” सरांनी टाळी वाजवली. “आपले डिजिटल प्रमुख, शरच्चंद्रजी!”

टेबल जिथे टेकलं तिथून इंचभरही हलवायचं नाही, असा हुकूम निघाला. ते टेकलं होतं टॉयलेटच्या दाराला लागून. दार उघडलं की खुर्चीला आपटतं. मग श्यामसुंदरने उठायचं, माणसाला वाट द्यायची आणि पुन्हा बसायचं.

सोमवारी सकाळी पहिले बाहेर आले ते नवे प्रमुखच. रुमालाला हात पुसत, आवाज खाली आणून म्हणाले, “बल्लाळ, तो डॅशबोर्ड की काय, तो नेमका उघडतात कुठे हो?”

श्यामसुंदर उठला आणि त्याने त्यांना खुर्ची दिली.