कुणी येईपर्यंत थांबायचं नाही

आमच्या गल्लीत एक माणूस आहे, जो बरोबर जेवायच्या वेळी दार धडाधडा वाजवायचा आणि ओरडायचा, "काका, आई पडली! पळा!" आपण हातातला घास ताटात टाकावा, खरकट्या हातानं समोरच्या घरात धावावं, तर त्याची आई खरंच जमिनीवर पडलेली असायची. फक्त तिच्याखाली दुहेरी घडीची सतरंजी असायची, मानेखाली उशी असायची, आणि एक डोळा किलकिला करून ती म्हणायची, "या भावजी. आज कोबी होता वाटतं? वास येतोय."

तोवर हा दारात घड्याळ धरून उभा. "एक मिनिट दहा सेकंद, काका. समोरच्या घरातून यायला! पेशंट गेला असता कामातून."

हा शिरू. शिरीष गोगटे, वय चौतीस, लग्न नाही, अँब्युलन्सवर ईएमटी. ईएमटी म्हणजे काय हे मला सहा वर्षं शेजारी राहून नीट कळलं. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, ड्रायव्हरही नाही. ड्रायव्हरला ते पायलट म्हणतात, त्यामुळे त्याची कॉलर ताठ असते. मागे पेशंटजवळ बसतो तो ईएमटी. ऑक्सिजन लावायचा, रक्त थांबवायचं, छाती दाबायची, गाडीत बाळंतपण झालं तर बाळ धरायचं, आणि नातेवाइकांच्या शिव्या खायच्या. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळ्याचं ट्रेनिंग देतात.

मी बँकेतून रिटायर झालेला माणूस. सवयीनं पहिला प्रश्न पगाराचा विचारला.

"हातात चौदा हजार येतात, काका. बारा तासांची ड्युटी. ठेका बदलला की कंपनी बदलते. गाडी तीच, पेशंट तेच, फक्त शर्टाचा रंग बदलतो आणि आम्ही परत नवीन."

"आणि शिक्षण?"

"बी.एस्सी. बायो. वर दोन महिन्यांचं ट्रेनिंग."

"बी.एस्सी. होऊन चौदा हजार? अरे, टावर चौकातला चाटवाला तुझ्यापेक्षा जास्त कमावतो!"

"कमावतो ना. त्याला मागच्या महिन्यात मीच नेलं." एवढं बोलून हा शांतपणे पोह्यांवर शेव घालत बसला. चाटवाल्याचं पुढे काय झालं, ते विचारलं तर म्हणाला, "हॉस्पिटलला दिला."

हे त्याचं अजून एक. माणूस गेला, असं तो कधी म्हणायचा नाही. अख्ख्या गल्लीला माहीत असायचं, तिरडी बांधायला बांबू आलेले असायचे, आणि हा म्हणायचा, "रिस्पॉन्स देत नव्हते." एकदा मी चिडलो. म्हटलं, अरे, सरळ सांग ना! तर म्हणाला, "ते डॉक्टर सांगतात, काका. तेवढं माझं क्वालिफिकेशन नाही."

लग्नाच्या बाजारात या क्वालिफिकेशननं त्याची पार वाट लावली. देवासला एक मुलगी बघायला आम्ही गेलो होतो. मुलीचे वडील "मेडिकल लाइन, मेडिकल लाइन" म्हणत खूश होते. यानं आपणहून सांगितलं, "मी डॉक्टर नाही हो. ठेक्यावर आहे." तरी ते तयार होते. पण निघताना यानं हात मिळवला तो सोडेचना. मी चिमटा काढला, तरी हा त्यांचं मनगट धरून छताकडे बघत उभा. मग म्हणाला, "काका, तुमची नाडी मधेच चुकतेय. उद्याच्या उद्या ईसीजी काढा." गृहस्थ भडकले. पुढे त्यांना खरंच स्टेंट पडला. त्यांनी पेढे पाठवले, मुलगी काही पाठवली नाही.

मालतीवहिनी, म्हणजे शिरूची आई, हा किस्सा हसत हसत सांगायच्या आणि शेवटी पदरानं डोळे टिपायच्या. "माझ्यामागे याचं कोण हो, भावजी?"

त्यांच्या हृदयाचा पंपच अशक्त झालेला. गोळ्यांचा डबा शिसपेन्सिलीच्या पेटीएवढा. आणि शिरूची गाडी उभी राहायची शहराबाहेर, नागदा रस्त्यावर. बारा तास ही बाई घरात एकटी. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यानं तो हिशोब निदान शंभरदा ऐकवला असेल: "हृदय थांबलं की हातात चार मिनिटं. गाडी यायला पंधरा. मधली अकरा मिनिटं कोण देणार? तुम्ही!" म्हणून ते ड्रिल. हलवा, हाक मारा, फोन करा, दाबा. हलवायचं आणि हाक मारायची वहिनींना. दाबायचा मात्र शेजारी ठेवलेला लोड, कारण जिवंत माणसाची छाती दाबत नाहीत. मिनिटाला शंभर-एकशेवीसच्या वेगानं, कोपर न वाकवता. दुसरा माणूस येऊन "सरका, मी घेतो" म्हणेपर्यंत थांबायचं नाही. मी थांबलो की हा खेकसायचा, "कोण आलं? कुणी आलं का? मग का थांबलात?"

आमची ही तर वैतागायची. "याच्या ड्रिलपायी माझ्या पोळ्या गार होतात." पण लोड सगळ्यात चांगला तीच दाबायची. रोजची कणीक मळायची सवय.

पडलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलेलं मात्र त्याला अजिबात खपायचं नाही. त्याचं कारण गल्लीत मला एकट्याला माहीत आहे. त्याचे वडील, अप्पा, राम घाटावर पडले तेव्हा शिरू बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि शेजारीच उभा होता. माणसं जमली. चांगली माणसं होती. कुणी पंख्यानं वारा घातला, कुणी कांदा शोधायला धावलं, आणि एका आजीनं क्षिप्रेचं पाणी ओंजळीत आणून अप्पांच्या तोंडात घातलं. सगळ्यांनी हात जोडले. शिरूनंही जोडले. छाती दाबायची असते हे त्याला ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी तो जेवला नाही, असं वहिनींनी मला सांगितलं होतं.

एकदा मी त्याच्या गाडीतून गेलो होतो, आमच्या हिचा पाय मोडला तेव्हा. देवळाच्या रस्त्यावर पायलट कैलाश पुढून ओरडतोय, "भिया, भीड हो री हे, दर्शनवाले हटते नी!" आणि मागे हा आमच्या हिला सांगतोय, "काकू, आता टावर आला. डाव्या हाताला साडीवाला, सेल लागलाय. आता पुलावर चढलो. जरा धक्का लागेल, सॉरी." मी म्हटलं, अरे, तिला माहीत आहे रस्ता! तर म्हणाला, बेशुद्ध माणसाशीही तो असाच बोलतो. आधी नाव विचारून घेतो आणि मग रस्ताभर नावानं बोलत राहतो. "कान शेवटी जातात, काका. एवढं गजबजलेलं गाव, कुणी न बोलता कसं न्यायचं?"

आता ते सांगतो, जे सांगायला मला लाज वाटते.

फेब्रुवारीतली दुपार होती, चारचा सुमार. ही भाजी आणायला गेली होती. मालतीवहिनी आमच्या व्हरांड्यात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या आणि मी समोर चहा घेत पेपर वाचत होतो. काहीतरी बोलता बोलता त्या थांबल्या, आणि ताट बाजूला सरकवून हळूच आडव्या झाल्या. अगदी ड्रिलमध्ये व्हायच्या तशा.

मला हसू आलं. म्हटलं, आला वाटतं पठ्ठ्या, उभा असेल फाटकामागे घड्याळ घेऊन. मी मुद्दाम हललो नाही. रोज काय त्याच्या तालावर नाचायचं? म्हटलं, "वहिनी, आज मी संपावर आहे. आधी चहा संपवणार." आणि संपवला. अर्धा कप होता, गरम होता. फुंकून फुंकून प्यायलो.

मग माझं लक्ष गेलं. खाली सतरंजी नव्हती.

आणि मग आठवलं की सकाळी सातलाच मी त्याला गणवेशात जाताना बघितलं होतं. तो ड्युटीवर होता. फाटकामागे कुणी नव्हतं.

हलवलं. हाक मारली. फोन केला. दाबायला लागलो. लोडापेक्षा माणसाची छाती फार वेगळी असते हो, हाताखाली काहीतरी कट्कन झालं आणि मी रडायला लागलो, पण थांबलो नाही. गाडी पंधरा मिनिटांत येईल असं फोनवरची मुलगी सांगत होती, पण ती सहातच आली. पेशंट सोडून जवळच्या फ्रीगंजमधूनच परतत होती. मागचं दार उघडलं आणि आतून शिरू उतरला.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. गुडघ्यावर बसला. "सरका काका, मी घेतो." हात माझ्या हातांच्या जागी ठेवले आणि दाबता दाबता, वर न बघता, नेहमीच्याच आवाजात विचारलं, "टाइम? किती वेळात सुरू केलंत?"

मी म्हणालो, "लगेच."

गाडीत मी कोपऱ्यात बसलो होतो. तो दाबत होता आणि बोलत होता, धापा टाकत. "आई, टावर आला. चाटवाल्याकडे गर्दी आहे. आई, आता पूल. धक्का लागेल हं." हॉस्पिटलमध्ये आत नेल्यावर तो बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मी विचारलं, "शिरू, वहिनी...?"

"डॉक्टर सांगतील, काका," तो म्हणाला. "तेवढं माझं क्वालिफिकेशन नाही."

तेरावा झाला. त्यानंतर महिनाभर आमचं दार कुणी वाजवलं नाही. पोळ्या गरम गरम पानात पडत होत्या आणि आम्हा दोघांनाही गिळवत नव्हत्या. शिरू सकाळी गणवेशात जायचा, संध्याकाळी यायचा, घरात एकच दिवा लागायचा. मी रोज ठरवायचो, आज जाऊन सांगायचं. फाटकापर्यंत जायचो आणि परत यायचो. त्याचा हिशोब बिघडवला होता मी. मधली मिनिटं माझ्यावर सोपवली होती त्यानं, आणि मी ती चहाबरोबर पिऊन टाकली. वर खोटं बोललो, तेही त्याच्या आईवर हात ठेवून.

मग एका रविवारी, आम्ही पानावर बसणार तेवढ्यात, दार धडाधडा वाजलं. शिरू. काखेत तोच लोड, हातात घडी केलेली सतरंजी.

"काका, ड्रिल."

"अरे, पण कुणावर?"

त्यानं आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली, लोड शेजारी ठेवला आणि स्वतः आडवा झाला. डोळे मिटले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. चौतिशीचा माणूस पन्नाशीचा दिसत होता.

मी बसलो. खांदा हलवला. "शिरू, ऐकू येतंय का?" मग खोटाच फोन लावला. लोडावर हात ठेवून दाबायला लागलो.

"बोलत राहा, काका," तो डोळे न उघडता म्हणाला. "कान शेवटी जातात."

मी रस्ता सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "शिरू, त्या दिवशी मी लगेच सुरू केलं नाही रे. मला वाटलं ड्रिल आहे. मी आधी चहा संपवला."

माझे हात थांबले होते. तो उठेल, मला फाडून खाईल, असं वाटत होतं, आणि खरं सांगतो, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण तो हलला नाही. मिटल्या डोळ्यांतून पाणी निघून कानापर्यंत गेलं, ते त्यानं पुसलं नाही. ड्रिलमध्ये पेशंटनं हात हलवायचा नसतो.

तसाच पडून म्हणाला, "आई सोंग फार छान करायची, काका. मीसुद्धा फसलो असतो." आणि मग खेकसून, पण आवाज चिरकला त्याचा, "का थांबलात? कुणी आलं का?"

मी पुन्हा दाबायला लागलो. मला समोरचं नीट दिसत नव्हतं. किती वेळ दाबत होतो कोण जाणे, कोपरं भरून आली. मग आतून ही आली. तिनं सगळं ऐकलं असणार. गुडघा दुखतो तिचा, तरी भिंतीला धरून खाली बसली आणि मला कोपरानं ढकललं.

"सरका," ती म्हणाली, "मी घेते."

आणि लोड बाजूला करून तिनं पिठाचा हात शिरूच्या डोक्यावर ठेवला. "शिरू, ऐकू येतंय का? डोळे उघड बाळा. तीन पानं घेतलीत."