परकारभाईंचे कान

आखातात, मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशन कंपनीच्या स्टोअरमध्ये जेवढ्या किल्ल्या आहेत, त्यांतली प्रत्येक किल्ली परकारभाईंच्या कानात एकदा तरी जाऊन आलेली आहे. परकारभाई आमचे स्टोअरकीपर, गाव रत्नागिरीजवळ. डाव्या कानाला लॉकरची किल्ली, उजव्याला फोर्कलिफ्टची, ही वाटणी त्यांची त्यांनीच ठरवलेली. डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ते किल्ली फिरवायला लागले, की फोर्कलिफ्टवाला मुकाट्याने उभा राहतो आणि मिळालेली किल्ली टिश्यूत गुंडाळून नेतो.

मी शेजारच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये बसतो. एकदा न राहवून म्हटलं, "परकारभाई, पडदा फाटेल हो!"

"सावंतसाहेब, खाज आत आहे. बाहेरून हात फिरवून काय होणार?"



किल्ली नसेल तेव्हा कानात इअरफोन. दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन रॅकमागे जायचं, घरी फोन लावायचा आणि जेवण संपेपर्यंत इअरफोन काढायचा नाही, हा त्यांचा नेम. बायकोशी गुलुगुलु चाललं असेल म्हणून आम्हीही तिकडे फिरकत नसू.

मग एका सकाळी त्यांचे दोन्ही कान लालबुंद होऊन टम्म सुजले. कंपनीच्या बसमध्ये उपायांचा नुसता पाऊस. पेशावरचा ड्रायव्हर म्हणाला, सरसों का तेल. केरळचा फोर्कलिफ्टवाला म्हणाला, तुळशीचा रस. परकारभाईंनी दोन्ही केलं, वर गावाहून आलेल्या खोबरेलात लसूण तळून तेही ओतलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बसला फोडणीचा वास. ऐकू येणं कमी झालं, तेव्हा मीच त्यांना धरून क्लिनिकमध्ये नेलं.

डॉक्टरीणबाईंनी उजव्या कानात दुर्बीण घालून पाहिलं. "इन्फेक्शन बिलकुल नहीं है. खुजा-खुजाके आपने खुद किया है. ऊपर से ईयरफोन के प्लास्टिक की ॲलर्जी."

परकारभाईंना हा अपमान वाटला. "एक भी कीटाणू नहीं? मॅडम, लेफ्ट में देखो ना, होगा एकाध!"

डावाही कोरा निघाला.

"दो हफ्ते दवा के सिवा कान में कुछ नहीं जाएगा. चाबी नहीं, तेल नहीं, ईयरफोन नहीं. वरना नली बंद हो जाएगी."

"चाबी खलास," परकारभाई म्हणाले. "तेल भी खलास." इअरफोनपाशी मात्र घासाघीस सुरू झाली. "सिर्फ एक कान में?" नहीं. "सिर्फ खाने के टाइम?" नहीं. "कापूस लपेटके?" बाईंनी चिठ्ठीवर 'नो ईयरफोन' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

नुसता फोन कानाला टेकला तरी ते कळवळायचे. तीन दिवस त्यांनी घरी फोनच केला नाही. डबा निम्मा परत. माणूस इतका केविलवाणा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. चौथ्या दिवशी मी त्यांना पॅन्ट्रीत आमच्यात बसवलं आणि म्हटलं, "स्पीकर लावा. आम्ही ऐकणार नाही."

"ऐकण्यासारखं काही नाहीच त्यात," ते खाली बघत म्हणाले. पण लावला.

नळ वाहत होता. कुणीतरी भांडी घासत होतं. मध्येच कोंबडी ओरडली. माणसाचा शब्द म्हणून नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आम्ही सगळे चावायचेसुद्धा थांबलो.

"वहिनी बोलत का नाहीत?" मी हळूच विचारलं.

"ती कामात आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली, साहेब. सुट्ट्या धरून एकत्र राहिलो असू जेमतेम दोन. रोज रोज बोलणार काय? ती फोन ओट्यावर ठेवते. मी घर ऐकत जेवतो."

 इतके दिवस रॅकमागच्या त्या फोनबद्दल आपण काय काय कल्पना केल्या, याची लाज वाटली.

तेवढ्यात फोनमधून खोकल्याची उबळ ऐकू आली. परकारभाई फोनवर वाकले.

"रुबीना, दमलीस. बस जरा."

 पलीकडून फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग परकारभाईंनी पुढचा घास घेतला.