आधी गाळा, मग आत घ्या

आमच्या शेजारचे दत्ताभाऊ बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरी गेले की दारातच वाकून जमिनीला हात लावतात. नव्या माणसाला वाटतं, काय संस्कारी माणूस आहे! तेवढ्यात दत्ताभाऊ मान वर करून म्हणतात, "गिरणी चालू हाय."

गिरणी म्हणजे आमच्या शांती नगरातल्या बिल्डिंगखालची मनसुखभाईंची पिठाची गिरणी. तिची घरघर आम्हाला वर ऐकूसुद्धा येत नाही. दत्ताभाऊंना ती तळहाताला कळते. ते मूळचे राई गावचे, धंद्याने साउंड रेकॉर्डिस्ट, आणि राहतात एकटेच. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून त्यांनी स्टुडिओ केलाय. जाहिरातींचे, मालिकांचे आवाज तिथे रेकॉर्ड होतात.

त्यांच्या मशीनवर लो कट नावाचं एक बटण आहे. गिरणी, लिफ्ट, पाण्याचा पंप यांची खालची घरघर ते वाटेतच अडवतं, आवाज कॉम्प्युटरमध्ये शिरायच्या आधी. मागाहून काढली तर नाही का चालत, असं मी एकदा विचारलं आणि माझा अख्खा रविवार गेला.

"पातेलं घरघरीनंच अर्धं भरलं तर आवाज कुठं ओतणार? उतू जाणार. नि उतू गेलेलं परत भरता येतं का? न्हाय! म्हणून आधी गाळा, मग आत घ्या."

हे तत्त्व ते माणसांनाही लावतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी "तसं बघायला गेलं तर" अशी सुरुवात केली की मागून हुकूम सुटतो, "लो कट करा हो!" मनसुखभाईंशी तर त्यांचं रोजचं भांडण. सेक्रेटरी माझे बाबा, त्यामुळे दोघांच्या तक्रारी आमच्याच दारात.

गेल्या वर्षी बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. बाबांचा आवाज खर्जातला. वरून हाक मारली की गेटवरचा वॉचमन उठून उभा राहायचा. तो आवाज माझ्या लेकीसाठी, जुईसाठी जपून ठेवायचा होता. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी बाबांना घेऊन दत्ताभाऊंकडे गेले.

बाबा माइकपुढे बसले. दत्ताभाऊंनी बटण दाबून ऐकलं, मग न दाबता ऐकलं. मग हेडफोनच काढून ठेवले.

"खालचं कापलं तर काकांचा भारदस्तपणाच जातोय. न्हाय कापायचं."

"मग गिरणी?"

"ती मी बघतो."

ते तरातरा खाली उतरले. मला वाटलं, आता जुंपणार. मी मागोमाग गेले तर हे मनसुखभाईंसमोर हात जोडून उभे.

"आज झगडा नहीं करोगे, दत्ताभाई?"

"काका की आवाज कल से नहीं रहेगी, मनसुखभाई. थोडी देर बंद रखो ना."

मनसुखभाईंनी गिरणी तर बंद केलीच, वर स्वतः लिफ्टपाशी उभे राहून लोकांना जिन्याने पिटाळलं. बाबांनी गोष्टबिष्ट काही सांगितली नाही. "जुई, जेवलीस का गं?", "माधवी, छत्री घेतलीस?" अशा रोजच्या हाकाच मारल्या. मी सरळ रडत होते. दत्ताभाऊंनी मीटरवरची नजर काढली नाही.

ऑपरेशन नीट झालं. बाबा आता पाटीवर लिहून बोलतात. आणि संध्याकाळी चहा उकळला की मधल्या भिंतीवर मूठ आपटतात, धप्प धप्प. दत्ताभाऊ लगेच हजर. मग दोघं पत्ते खेळतात आणि बाबा बिनदिक्कत लबाडी करतात.

ती धप्प म्हणजे रेकॉर्डिंगची पार वाट. मला संकोच वाटायचा. एकदा ते निघताना मी म्हटलं, "दत्ताभाऊ, तुमचं काम बिघडत असेल. बाबांना सांगते, भिंत नका वाजवू, मेसेज करा."

ते एकदम घाबरले.

"नको गं, माधवी. बिघडू दे. टेक परत घेता येतो." आणि चपलेत पाय सरकवत म्हणाले, "मला हाक मारणारं दुसरं कोण हाय?"