दांड्यासकट ट्रॉम्बोन

मी कापसाचा ग्रेडर होतो, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो आहे. पाथरीत कापूस भरलेल्या गाड्यांची रांग माझ्या एका चिमटीसाठी थांबायची! मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धागा ओढायचा, उगाच जरा आभाळाकडे बघायचं आणि प्रत सांगून मोकळं व्हायचं. पुढे पुढे लोक मला कापसाशिवाय बाकीच्या वस्तूही दाखवायला लागले. शिलाई मशीन, सेकंडहँड सायकल, एकदा तर एकाने होणारा जावई आणून उभा केला. मी कशालाच नाही म्हटलं नाही. माझं सूत्र साधं होतं. आधी कचरा वेगळा काढायचा, मग माल बघायचा.

त्यामुळे सत्त्याऐंशीच्या एप्रिलात, जयंतीला दोन दिवस उरलेले असताना, भुजंग खांद्यावर ट्रॉम्बोन घेऊन माझ्या दारात आला तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही.

भुजंग आमच्या मागच्या भीमनगरात राहायचा. किशनरावांच्या बँडपार्टीत तो वीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवत आला होता. गेल्या पोळ्याला गाडीवरून पडून त्याचं उजवं कोपर मोडलं आणि जुळलं ते वाकडंच जुळलं. हात पुरता सरळ होईना. ट्रॉम्बोनचं काम असं, की तोंडाने फुंकायचं आणि उजव्या हाताने एक लांब नळी पुढेमागे सरकवायची. नळी जितकी पुढे जाईल तितका सूर खाली उतरतो. हातच पुरेना म्हटल्यावर भुजंगचे खालचे सूर गेले आणि सुरांपाठोपाठ बँडातली जागा गेली. आठ महिने तो घरी बसून होता. किशनरावांनी त्याच्या जागी एक बँजोवाला हेरूनही ठेवला होता.

अशात पेडगावच्या धुरपताबाईंनी आपल्या वारलेल्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, जुना ट्रॉम्बोन भुजंगला दिला. मालक निजामाच्या काळात हैदराबादला पोलीस बँडात होते. बाईंनी अट घातली, की मिरवणुकीत मला वाजवून दाखव, शोभला तर तुझा. किशनरावांची अट निराळीच. एवढं जुनं वाद्य ऐन मिरवणुकीत दगा द्यायचं, तेव्हा कुणा जाणत्या माणसाने पास केलं तरच भुजंगला पहिल्या रांगेत घेणार, नाहीतर बँजो. आणि गावात जाणता माणूस म्हणजे कोण, हे मी माझ्या तोंडाने कशाला सांगू?

"साहेब, तुमी निस्तं पास म्हना," भुजंग म्हणाला. "बाकी माझं मी बघतो."

माणसाने एवढ्यावर ऐकावं की नाही! पण नुसतं पास म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी त्याला वाद्य ठेवून जायला सांगितलं आणि उद्या दुपारी निकाल देतो म्हणालो.

तो गेल्यावर मी वाद्याभोवतीचं गोणपाट सोडलं. उभा केला तर माझ्या छातीला लागेल एवढा तो ट्रॉम्बोन! पितळ जुन्या समईसारखं काळपट झालेलं, पण जिथे जिथे माणसाचा हात लागत आला होता तिथे झिजून पांढरं पडलेलं. एका माणसाने आयुष्यभर एकच वस्तू किती वेळा हातात धरली असेल, हे मनात आलं. मी त्याला चक्क हात जोडले. मग आठवलं, की आपण ग्रेडर आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी सुरू केली. पोचे तीन, चालतील. वजन जास्त, पण भुजंगचा खांदा भक्कम होता. आणि मग मला तो दांडा दिसला. सरकत्या नळीच्या आडपट्टीला बिजागरीवर वीतभर लांबीचा एक दांडा लोंबत होता, त्याला शिसवी मूठ. आजवर शंभर वरातींत मी ट्रॉम्बोन पाहिले होते, एकालाही असं शेपूट नव्हतं! म्हणजे मागाहून कुणीतरी बसवलेलं असणार. म्हणजे कचरा. दोन स्क्रू होते. पक्कड घेतली, काढला, खिडकीत ठेवला आणि कागदावर झोकात लिहिलं: "किरकोळ भेसळ काढली. माल पास." खाली सही, तारीख.

दुपारी भुजंग आला. त्याने कागद वाचला, वाद्याकडे पाहिलं आणि मटकन पायरीवर बसला. ओरडला नाही, रागावला नाही. फक्त विचारलं, "साहेब, दांडा?"

मी मोठ्या अभिमानाने माझं सूत्र समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग उठून ट्रॉम्बोन खांद्याला लावला आणि नळी पुढे सरकवली. अर्ध्या वाटेत त्याचं कोपर अडलं. उरलेली नळी तशीच राहिली.

"ह्येची नळी लांब हाय, साहेब. धडधाकट मानसाचा बी हात पुरत न्हाई, म्हनून करणाऱ्यानं दांडा लावून दिला. माझा हात तर आधीच आखूड झालाय. ह्या दांड्यासाठीच तर मी धुरपतामायचे पाय धरले."

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. एका कारागिराने कुठे तरी सातासमुद्रापार बसून माणसाच्या हाताचा एवढा विचार करावा, आणि मी तो दांडाच पकडीने उपटावा! मी धावत खिडकीपाशी गेलो. दांडा नव्हता.

मागच्या अंगणातून घरघर ऐकू येत होती. तिथे आमची मनकर्णा तूर भरडत बसली होती आणि जात्याला खुंटा म्हणून तो दांडा! जुना खुंटा संक्रांतीला मोडला होता. नवा आणा म्हणून तिने मला किती वेळा सांगितलं होतं ते मी इथे सांगत नाही.

"अवो, कुठून आनला हो ह्यो?" ती खुशीत म्हणाली. "लय गुनाचा हाय. मनगट भरून येत न्हाई बगा."

जी प्रत मला सबंध सकाळ कळली नाही ती हिने पहिल्या फेऱ्यात लावली होती.

मी घाईघाईने सगळा प्रकार सांगितला. तिने दांड्याला चिंधी गुंडाळून दगडाने ठोकून घट्ट बसवला होता. ती म्हणाली, द्यायला हरकत नाही, पण तूर उन्हात तापलीय तोवरच भरडायला पाहिजे. सादळली की वर्षाची डाळ गेली. तेव्हा आधी भरडून द्या, मग खुशाल न्या. मी माझ्या हुद्द्याची आठवण करून दिली. तिने सूप माझ्याकडे सरकवलं. भुजंग उठायला लागला, तर "भाऊ, तुमी बसा, कोपर दुखंल," म्हणून त्याला चहा दिला.

ज्याच्यासाठी गाड्यांची रांग थांबायची तो ग्रेडर एक पाय लांब करून पायलीभर तूर भरडत बसला! गल्लीतल्या बाया कामं काढून येऊन बघून गेल्या. तेवढ्यात निकाल विचारायला खुद्द किशनराव आले. घामाने निथळलेला मी आणि गरगर फिरणारं जातं बघून ते दारातच थबकले.

"दांडा तपासायलेत साहेब," भुजंग बशीत चहा ओतत म्हणाला.

किशनरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. एवढी कडक तपासणी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे पहिली रांग कबूल केली.

चौदा तारखेच्या संध्याकाळी मिरवणूक स्टँडजवळ आली. निळे झेंडे, फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर, नामांतराच्या घोषणा. पेडगावहून एसटीने आलेल्या धुरपताबाई कोपऱ्यावर उभ्या होत्या. किशनरावांनी हात वर केला, बाकीची वाद्यं थांबली. भुजंगने परत बसवलेल्या दांड्याची मूठ धरली. कोपर होतं तसंच वाकडं राहिलं, दांडा वळला आणि नळी सरळ, शेवटपर्यंत पुढे गेली.

असा सूर मी जन्मात ऐकला नव्हता. तो कानांना नंतर कळला, आधी तळपायांना कळला. दुकानांचे पत्रे थरथरले. घोषणा देणारी पोरं माना वळवून बघायला लागली. माझ्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी आलं, तेही मी लपवलं नाही.

धुरपताबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी भुजंगच्या वाकड्या कोपरावर हात ठेवला.

"ठिव तुझ्यापाशीच," त्या म्हणाल्या. "त्येंच्यामागं आज वाजला बग ह्यो."

मग त्यांनी ओळखीच्या माणसाचा हात धरावा तशी ती शिसवी मूठ हातात घेतली आणि बोटं नाकाशी नेली.

"मुठीला तुरीचा वास कसा काय येतोय रं?"

भुजंगने माझ्याकडे पाहिलं. मी झेंड्याकडे पाहिलं.

"हे ग्रेडर साहेब, माय. ह्यांनी दांड्याची लय परीक्षा घेतली."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या तळहातांवरचे फोडही त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत.

"मग," त्यांनी विचारलं, "पास कोन झालं?"

भुजंग भला माणूस. त्याने घाईघाईने ट्रॉम्बोन तोंडाला लावला आणि एवढ्या जोरात फुंकला, की माझं उत्तर कुणालाही ऐकू गेलं नाही.