परीक्षेची पाठ

मालिश शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात धाकट्या सुनेने नाव घातलं, तेव्हा विचार साधाच होता. बाळ वर्षाचं झालंय, आता आपणही काहीतरी शिकावं. मालिश जमली. घोडं अडलं ते कपांपाशी. पाठीवर कप ठेवायचा, वरच्या पंपाने आतली हवा ओढायची, की कातडी फुगून कपात वर येते. पाच मिनिटांत कप काढायचा आणि तोवर माणसाला सोडून उठायचं नाही. उठलात की नापास. पास झाली, तर बाईंकडेच सकाळचं काम मिळणार होतं.

काळजी करण्यात मात्र ती आधीच पास होती. (बाळ झोपलं की नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना.) परीक्षेच्या धास्तीने तिने आठवडाभर रोज नवऱ्याला पालथं पाडलं.

परीक्षेला प्रत्येकीने आपलं माणूस आणायचं होतं. तिचा नवरा शर्ट काढून टेबलावर पालथा झाला. पाठभर कपांचे गोल डाग, तीळ ठेवायला कोरी जागा नव्हती. डागावर पुन्हा कप लावायचा नसतो आणि डाग जायला आठवडा लागतो, हे तिनेच वहीत लिहून घेतलं होतं.

बाई चष्मा लावून ती पाठ गृहपाठासारखी तपासू लागल्या. हा जास्त ओढलाय, हा बरा, हा कालचा छान. मग एका काळ्यानिळ्या गोलावर त्यांचं बोट थांबलं.

"हा किती वेळ ठेवला होता?"

"पाचच मिनिटं," ती म्हणाली.

"बाळ झोपेत हसतंय ते बघायला गेली होती," नवरा उशीत तोंड खुपसून म्हणाला. "दोन हाका मारल्या, मग मलाच झोप लागली."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि पोटऱ्यांवर कप लावायला सांगितले. (तेवढ्याच वाचल्या होत्या.) चार कप नीट बसले. घड्याळ सुरू झालं.

दुसऱ्याच मिनिटाला बाहेरून रडणं ऐकू आलं. बाहेर बाकावर सासूबाई बाळाला घेऊन बसल्या होत्या. आईला आपल्या लेकराचा आवाज लाखात ओळखू येतो. हे आपलंच, आणि पोट दुखल्याचं, इथपर्यंत तिने ओळखलं. पण टेबलाची कड घट्ट धरून ती घड्याळाकडे बघत राहिली.

उठला तो नवरा.

"अगं, काळजाचा दगड झालाय का तुझ्या?" असं म्हणून तो टुणकन खाली उतरला आणि विजार गुडघ्याच्या वर, पोटऱ्यांना चार कप, अशा थाटात उघड्या अंगाने बाहेर पळाला.

बाईंनी परीक्षेचा कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाल्या, मालिशवालीने उठायचं नाही एवढाच नियम आहे, गिऱ्हाईकच पळालं तर काय, ते कुठे लिहिलेलं नाही. त्यांनी कागदावर सही केली.

"पास. आईचं काळीज असून जागची हलली नाहीस."

तिने पदराने डोळे पुसले. तेवढ्यात नवरा परत आला. पायाला तीनच कप उरले होते आणि कडेवर बाळ घसा फोडून रडत होतं.

"ते शेजारच्या बाकावरचं बाळ होतं," तो म्हणाला. "आपलं गाढ झोपलं होतं. मला असं बघून उठलं."