मुरगळलेल्या घोट्याची सहल

लॉजच्या जेवणघरात चहाचा कप हातात घेऊन हेडसर उभे राहिले, तेव्हाच बूटवाल्यांनी आपले पाय टेबलाखाली ओढून घेतले. हेडसर उभे राहिले की दिवसाचा कार्यक्रम सांगतात, हे त्यांना एव्हाना कळून चुकलं होतं.

"आज आधी किल्ला. मग दीपगृह, मग जुनं जकातघर. जेवण झालं की गव्हर्नरांचा बंगला. आणि उजेड राहिला तर परक्यांची दफनभूमी. काय?"

"उजेड राहणारच," बूटवाले क्षीण आवाजात म्हणाले. "उन्हाळा आहे."

बूटवाले म्हणजे चपलांच्या एका मोठ्या दुकानातले विक्रेते. आयुष्य लोकांच्या पायाशी वाकण्यात आणि शिडीवर चढून खोकी काढण्यात गेलेलं. बऱ्याच वर्षांनी सलग रजा मिळाली होती आणि ती कशी घालवायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. समुद्राकडे तोंड करून खुर्ची टाकायची, पाय कठड्यावर ठेवायचे आणि उठायचं नाही. पण निघायच्या आधी बायको म्हणाली, "ताई आणि भाऊजीही येताहेत," आणि तिथेच माशी शिंकली. हे भाऊजी, म्हणजे बूटवाल्यांचे साडू, निवृत्त मुख्याध्यापक होते. घरातसुद्धा त्यांना सगळे हेडसरच म्हणत.

किनाऱ्यावरच्या त्या गावात परक्या राजवटीने कित्येक पिढ्या मुक्काम ठोकला होता आणि जाताना तोफा, घंटा, कमानी, संगमरवरी पाट्या, सगळं तिथेच टाकून ती गेली होती. हेडसरांनी एकही पडकी भिंत सोडली नव्हती. प्रत्येक पाटी ते मोठ्याने वाचत, आणि तापाने मेलेल्या प्रत्येक कप्तानासाठी बूटवाल्यांना उन्हात उभं राहावं लागे. दुकानात निदान गिऱ्हाईक बसलं की त्याच्यासमोर स्टुलावर टेकता तरी येतं. इथे तेही नाही.

म्हणून त्या सकाळी लॉजच्या पायऱ्या उतरताना बूटवाल्यांनी "आई गं!" म्हणून घोटा धरला आणि खाली बसले. बसल्यावर इतकं बरं वाटलं, की चेहरा कळवळलेला ठेवायला कष्ट पडले.

"मुरगळला," ते म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे. माझी काळजी करू नका. मी आपला इथेच व्हरांड्यात खुर्ची टाकून…"

"असं कसं?" ताई म्हणाल्या. "तुम्हाला एकट्याला टाकून आम्ही मजा मारायची?"

"मारा हो. खरंच मारा."

एवढ्यात लॉजची मालकीण पट्टी घेऊन धावत आली. तिने डावा घोटा असा करकचून बांधला, की नसलेली कळ खरीच आली. "आणि फिरायचं काही अडणार नाही हं तुमचं," ती म्हणाली. "अडगळीत आमच्या सासूबाईंची व्हीलचेअर आहे. शेवटपर्यंत गाव पालथं घातलं त्यांनी तिच्यातून."

"वा!" हेडसर म्हणाले. "म्हणजे कार्यक्रमात काही बदल नाही."

आतापर्यंत बूटवाल्यांना निदान मागे रेंगाळता येत होतं. एखाद्या तोफेवर घटकाभर टेकता येत होतं. आता हेडसरांचा आवाज थेट मानेमागून येत होता आणि पळून जायचं म्हटलं तर चाकं त्यांच्या ताब्यात. किल्ल्याच्या दगडी चढावर खुर्ची अशी खडखडली, की बूटवाल्यांची कवळी असती तर हातात आली असती.

दीपगृहापाशी ही लांबलचक रांग होती. बूटवाल्यांना जरा आशा वाटली. पण रखवालदाराने लांबूनच हात केला. "पेशंट आहे का? मग पुढे या, पुढे या. सरका हो, वाट द्या."

मग जिथे तिथे तेच झालं. जकातघरात रांग नाही, तोफांच्या दारूकोठारात रांग नाही. हेडसर खुलून गेले. "बूटवाले, तुमच्या पायाने केवढा वेळ वाचवलाय माहीत आहे? आता बंगल्यामागची विहीरसुद्धा होईल!"

त्याआधी दीपगृहाचा गोल जिना पाहून मात्र बूटवाल्यांनी हात जोडले होते. "इथे मी खालीच थांबतो."

"का थांबता काका?" मागून कुणीतरी गरजलं. सुट्टीवर आलेल्या खलाशांचा घोळका होता. त्यांनी बूटवाल्यांना काही बोलायची संधीच दिली नाही. खुर्चीसकट उचललं आणि "जोर लावा!" करत निघाले. बूटवाल्यांनी डोळे मिटले आणि होते-नव्हते तेवढे देव आठवले. वर पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने डोळ्यांना पदर लावला. "याला म्हणतात जिद्द," ती नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर तुम्ही."

गव्हर्नरांच्या बंगल्यात बूटवाले मोरीला म्हणून उठले. परत येताना बायकोने त्यांना खांबाआड गाठलं.

"लंगडताना पाय तरी एकच धरा. पट्टी डाव्याला आहे."

बूटवाल्यांनी घाईघाईने पाय बदलला. "तुला कधी कळलं?"

"पायरीवरच. घोटा मुरगळलेला माणूस बसायच्या आधी पायरीवरची धूळ फुंकत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू?" ती म्हणाली. "भाऊजी पाट्या वाचायला गेले की खुर्ची मी धरते. जरा दांडीवर रेलता येतं."

तिचेही पाय सुजलेत हे बूटवाल्यांना तेव्हा दिसलं. दिवसभर दुसऱ्यांचे पाय बघणारा माणूस, आणि हे दोन तेवढे बघायचे राहून गेले होते. ते लंगडत खुर्चीत जाऊन बसले. विहीर झाली. दफनभूमीही झाली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हेडसर उभे राहिले नाहीत. ते कमरेवर हात ठेवून वाकतच आले.

"लचक भरली," ते म्हणाले. "कालच्या चढावर."

"अरे देवा!" बूटवाल्यांचा चेहरा उजळला. "मग आज विश्रांती."

"छे, ते बसतील की खुर्चीत," ताई म्हणाल्या. "तुमची सूज उतरलेली दिसतेय. तुम्ही ढकला."

आता बोलायला तोंड कुठे होतं? बूटवाले ढकलू लागले. हेडसर वजनाने भारदस्त होते आणि बंदराच्या तटबंदीकडे जाणारा रस्ता सगळा चढाचा होता. बायका बोलत बोलत मागे राहिल्या. वळणावर वाऱ्याने हेडसरांची टोपी उडवली. हेडसर ताडकन उठले, दोन ढांगांत टोपी गाठली, वाकून उचलली, झटकली आणि परत येऊन खुर्चीत बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं.



"हेडसर," बूटवाले म्हणाले. "लचक?"

हेडसर समुद्राकडे बघत राहिले. "उभा जन्म शाळेच्या सहली काढल्या हो. प्रत्येक किल्ल्यावर मी पुढे, तोंडात शिट्टी. कधी बसलो म्हणून नाही. काल तुम्ही असे पाय पसरून बसलेले… राहवलं नाही."

"मग रोज हा एवढा कार्यक्रम कशासाठी?"

"तुमच्यासाठी! बिचारे इतक्या वर्षांनी रजा काढून आलेत, म्हटलं कंटाळायला नकोत."

बूटवाल्यांनी खुर्ची तटबंदीच्या सावलीत नेली, तोंड समुद्राकडे केलं आणि स्वतः शेजारच्या दगडावर बसकण मारली. समोर एक पाटी होती. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने बायका चढ चढून आल्या. बूटवाल्यांची बायको खुर्ची दिसताच थांबली आणि तिने गुडघा धरला.

"ताई गं, माझा गुडघा बघ ना कसा…"

"गप चाल," ताई म्हणाल्या. "उद्या माझा नंबर आहे."