‘सॉरी’चा अर्थ क्रमांक एक

चालू वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीतील पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, परभाषीय शब्दांच्या कोशकचेरीत, तिसऱ्या मजल्यावरील उत्तरेकडच्या खोलीत, ‘सॉरी’ हा शब्द रीतसर तपासणीस घेण्यात आला. माणूस शब्द वापरतो तेव्हा त्याला त्याचा अर्थ ठाऊक असतोच असे नाही. किंबहुना अर्थ ठाऊक असता, तर पुष्कळ शब्द त्याने वापरलेच नसते. याच सत्यावर ती कचेरी उभी होती. (इमारत भाड्याची होती.)

शब्द सोपवला गेला तो संपादकांकडे. निवड योग्यच होती. संपादक काटेकोर होते, जुन्या गद्याचे निस्सीम भक्त होते आणि अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम दिसला की त्यांचे जेवणावरून मन उडत असे. अडचण एकच होती. कचेरीचा एक जुना आणि अत्यंत शहाणपणाचा नियम असा होता की, ज्या शब्दाची तपासणी चालू आहे तो शब्द तपासणाऱ्याने कचेरीत वा कचेरीबाहेर स्वतः उच्चारू नये. पुरावा बाटतो. पूर्वी ‘प्लीज’ हा शब्द एका स्वभावाने मऊ गृहस्थांकडे दिला होता. जमलेले दोनतृतीयांश दाखले त्यांचे स्वतःचेच निघाले. नोंद रद्द झाली आणि त्यांची बदली ‘नो’ या शब्दावर करण्यात आली. तिथे त्यांच्याकडून आजतागायत एकही दाखला बाटलेला नाही.

नियमाला संपादकांचा एरवी विरोध नव्हता. परंतु येत्या रविवारी त्यांना नेमका तोच शब्द घेऊन ताईकडे जायचे होते.

ताई ही त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली. तेव्हापासून संपादकांचे आजार, परीक्षा आणि वाद हे सर्व तिनेच निस्तरले होते. ती एका मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका होती. निवृत्त झाली त्या दिवशी इस्पितळाच्या सभागृहात निरोपाचा समारंभ झाला. ताई जन्मात प्रथमच भाषणाला उभी राहिली होती. तिसऱ्या वाक्यात तिने एक शब्द अशा अर्थाने वापरला की, ज्याला जुन्या गद्यात आधार नाही. संपादक तिसऱ्या रांगेतून उठले आणि त्यांनी ते आधारांसह सांगितले. आधार बरेच होते. ते संपेपर्यंत मागच्या रांगांनी चहा घेतला होता आणि ताईने भाषणाच्या कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली होती. बहीण आपले म्हणणे शांतपणे ऐकून घेते आहे, असे वाटून संपादकांना तेव्हा समाधानही झाले होते. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोललेली नव्हती.

तिची नाराजी रास्त नाही, हे संपादक घरात अनेकदा सिद्ध करून चुकले होते. तरीही सकाळचा तिचा फोन येईनासा झाल्यापासून त्यांचे दात घासणे लांबू लागले होते, आणि काम कमी असले की ते उगाच फोनचा आवाज वाढवून ठेवत.

पत्नीने मार्ग सुचवला. “अहो, सॉरी म्हणायची बंदी आहे ना? मग ‘चुकलं माझं’ म्हणा. त्यावर कुठे तुमच्या कचेरीचा ताबा आहे?”

संपादकांनी या सूचनेचा गंभीरपणे विचार केला आणि ती फेटाळली. ‘चुकलं माझं’ म्हणायचे तर काहीतरी चुकलेले असावे लागते. सभागृहात ते बरोबर होते. ‘सॉरी’ या शब्दाची थोरवी हीच की, तो उच्चारण्यासाठी चुकण्याची अट नाही. म्हणून तर सात समुद्र ओलांडून येऊनही तो घरोघरी नांदतो.

“मग बसा अर्थ लावत,” असे म्हणून पत्नी आत गेली. (पुढील आठवडाभर तिच्याकडून एकही दाखला मिळाला नाही.)

संपादक अर्थ लावत बसले. प्रथम मूळ. इंग्रजीत दुःखाला ‘सॉरो’ हा जो मिळताजुळता शब्द आहे त्यातून ‘सॉरी’ निघाला, असा सुशिक्षितांचा समज असतो. तो चूक आहे. त्याचे मूळ आहे ‘सोअर’ या ठणक्याच्या शब्दात. आरंभी जो दुखावलेला असे, तो स्वतःला असे म्हणवून घेई. पुढे काळाच्या ओघात शब्द दुखावणाऱ्याकडे गेला. ठणका मात्र होता तिथेच राहिला. हे वाक्य लिहून संपादकांनी लेखणी खाली ठेवली व खिडकीतून बाहेर पाहिले. वाक्य त्यांना फार आवडले होते.

मग अर्थ. रस्ता, दवाखाना, शाळा, बँक अशा ठिकाणी माणसे उभी करून दाखले गोळा झाले. अर्थ दोन : धक्का दिल्यावर, किंवा देण्यापूर्वी, तोंडाने करावयाचा आवाज. अर्थ तीन : ऐकू आले नाही. अर्थ चार : ऐकू आले, पण पटले नाही. अर्थ पाच : तुमचे काम होणार नाही (खिडकी लावून घेताना). अर्थ सहा : ‘म्हटलं ना एकदा? आता विषय संपला.’ हा अर्थ विवाहितांत विपुल आढळला, शेकडा एकाहत्तर. उरला अर्थ एक, जो मुळाला धरून होता : आपण दुसऱ्याला दिलेली जखम आपल्याला ठणकते आहे. याचा दाखला मिळेना.

दरम्यान संपादकांनी सवलतीचा अर्ज केला : सदर शब्द एकवार, खाजगी कारणास्तव, सख्ख्या बहिणीपाशी उच्चारू द्यावा. कचेरीच्या समितीने विचारले, कोणत्या अर्थाने? प्रचलित अर्थाने म्हणाल तर पुरावा बाटेल. पहिल्या अर्थाने म्हणाल तर तो अर्थ अस्तित्वात असल्याचे आधी सिद्ध करा. अध्यक्ष शेवटी म्हणाले, “सॉरी, नियमात बसत नाही.” चिटणिसांनी तो उद्गार तत्काळ अर्थ पाचखाली टिपून घेतला.

पहिल्या अर्थासाठी मग वृत्तपत्रांतून आवाहन करण्यात आले. प्रतिसाद उदंड. चारशेहून अधिक नागरिकांनी आपण हा शब्द मनापासून, कळवळून, क्वचित डोळ्यांत पाणी आणून उच्चारल्याचे प्रतिज्ञेवर कळवले. पत्रे सर्व थरांतून आली. पुस्तके वाचणारा वर्ग विशेष उत्साही होता. परंतु भरून द्यावयाच्या छापील नमुन्यात शेवटी एक रकाना होता : ज्यास उद्देशून शब्द उच्चारला, त्याची सही. तो रकाना सर्वत्र कोरा राहिला. काहींनी तिथे खुलासे केले होते. ‘तिला कल्पना आहे.’ ‘त्यांनी दार उघडले नाही.’ ‘समोरची व्यक्ती अतिशय हट्टी आहे.’ एका प्राध्यापकांनी दोन्ही ठिकाणी स्वतःच सही केली होती आणि कारण दिले होते, वेळेची बचत.

आता पहिल्या अर्थापुढे ‘अप्रचलित’ असा शिक्का मारणे प्राप्त होते. तेव्हा समितीला संपादकांचा अर्ज आठवला. विशेष बाब म्हणून त्यांना उच्चाराची परवानगी मिळाली. अट इतकीच की, पडताळणीसाठी कचेरीचा निरीक्षक सोबत असावा. सरावाला परवानगी नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी दोघे ताईच्या दारात उभे राहिले. ताईने ओल्या हातांनी दार उघडले, भावाकडे पाहिले आणि ती चौकटीतच थांबली. निरीक्षकांनी भेटीचे प्रयोजन सांगितले व सगळे अर्थ आणि त्यांपुढे आजवर मिळालेल्या सह्या असा एकत्रित नमुना काढला.

“ताई, सॉरी,” संपादक म्हणाले.

इथे थांबले असते तर बरे झाले असते. पण तेवढ्यात संपादकांना मुळाची आठवण झाली. हा शब्द दुःखवाचक शब्दातून आला हा समज कसा चुकीचा आहे, हे त्यांनी थोडक्यात सांगितले. ताई ते संपेपर्यंत उभी राहिली. आयुष्यभर तिने पुष्कळांचे असे बरळणे ताप उतरेपर्यंत ऐकले होते.

“तुम्हाला कोणत्या अर्थानं पोचला, ते दाखवायचं आणि सही करायची,” निरीक्षक म्हणाले.

ताईने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि सगळे अर्थ सावकाश वाचले. मग बोट ठेवले.

“हा. दुसरा. रांगेत धक्का लागल्यावर म्हणतात, तो.”

संपादकांनी तोंड उघडले. आधार सुचला नाही. असे पूर्वी कधी झाले नव्हते. बरगडीखाली काहीतरी बारीक ठणकू लागले. त्यांनी ते दबक्या आवाजात निरीक्षकांना सांगितले. निरीक्षकांनी नियम पाहिला. ठणका उच्चाराच्या आधीचा हवा. नंतरचा धरता येत नाही.

ताईने दुसऱ्या अर्थापुढे सही केली. नमुना परत देता देता तिचे लक्ष वर गेले.

“पहिल्यापुढे कुणाचीच सही नाही का?”

“नाही. सगळ्यांना विचारून झालं. शिकलेसवरलेले, वाचणारे, सगळे.”

“एकाचीही नाही?”

“एकाचीही नाही.”

ताईने चष्मा काढला. भावाकडे पाहिले, मग जिन्याकडे, जणू सगळे शहर तिथे खाली रांगेत उभे होते. ती दारातून बाजूला झाली.

“ये आत,” ती त्याला म्हणाली. “मला वाटत होतं, तू एकटाच असा आहेस.”